पेटीची किल्ली

काचेवर लाल रेघ कुठून आली हे त्याला कळेना. दुकानात एक बाई खिडकीची काच कापून न्यायला आल्या होत्या. त्यानं माप घेतलं होतं, पट्टी धरून काच कापायच्या हिरकणीनं सरळ रेघ मारली होती आणि टेबलाच्या कडेवर टेकवून काच मोडलीही होती. आवाज अगदी हवा तसा, एकच टक् असा आला होता. मग ही रेघ कसली? ओली, बारीक, बघता बघता जाड होत जाणारी. मागच्या बाजूनं रंग लागला असेल म्हणून त्यानं ती अंगठ्यानं पुसली, तर ती आणखीच पसरली. 'अहो, रक्त आहे ते! याच्या हातातून येतंय!' बाई किंचाळल्या. मालक गल्ल्यावरून उठून धावत आले. अंगठ्याच्या बुडाशी कातडी उघडी पडली होती आणि आतलं मांस दिसत होतं. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्यापुढं आणून ठेवलाय अशा नजरेनं तो बघत राहिला. मालक फडकं गुंडाळत होते. 'अरे, दुखत नाही का तुला?' त्यांनी विचारलं. 'नाही,' तो म्हणाला. 'नाही म्हणजे?' फडक्याची गाठ मारून झाल्यावर मालकांनी त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि मग ते एक पाऊल मागं सरकले. ते मागं सरकणं त्याला दिसलं. दिसलं, पण लागलं नाही. दुखत नव्हतं ते ठीक. भीतीसुद्धा वाटत नव्हती.

भीती आली ती नंतर, दवाखान्यात टाके घालून तो रस्त्यावर आला तेव्हा. सकाळी घेतलेलं उतरायला लागलं होतं. आधी अंगठा ठणकला, मग ठणका मनगटातून वर चढला, आणि त्याच्या मागोमाग पोटातून काहीतरी थंडगार उठून घशाशी येऊन बसलं. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो टेकला. समोरून माणसं जात होती, बसेस जात होत्या, एक म्हातारा छत्री बगलेत मारून केळी निवडत होता, आणि या सगळ्यांच्या मधोमध बसून त्याला एकच गोष्ट कळत होती, की मघाशी आपण तिथं नव्हतो. हात कापला गेला तेव्हा आत कुणीच नव्हतं. गळा कापला गेला असता तरी अंगठ्यानं पुसत बसलो असतो. खिशात पुडी होती. ती घेतली की हे थंडगार खाली बसेल, हे त्याला ठाऊक होतं, आणि पाच बोटं त्याच्या नकळत खिशाकडे निघालीसुद्धा होती. त्या बोटांची त्याला इतकी भीती वाटली की त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला.

सुरुवात अशी काही वाईट नव्हती. सगळ्यांची होते तशीच. कपाटाचा मोठा आरसा उतरवताना खांद्यावर आला, हाड सरकलं, डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. खांदा बरा झाला, गोळ्या राहिल्या. डॉक्टरांनी बंद केल्या तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी दिल्या, त्यांनी बंद केल्या तेव्हा मागच्या गल्लीतल्या औषधवाल्यानं, आणि त्यानंही हात वर केले तेव्हा कुणीतरी म्हणालं, गोळ्या कसल्या खातोस, गर्द ओढून बघ, त्यापेक्षा स्वस्त पडतं. आई-वडील गेल्यापासून तो ताईकडे राहायचा, तिच्या दोन खोल्यांतल्या मागच्या खोलीत. पूड तापवायला नेलेले घरातले चमचे कमी व्हायला लागले तेव्हा ताईला पहिला संशय आला. भावोजी म्हणाले, चमचे कोण नेतंय, सांडत असतील कुठं. पण ताईनं एकदा त्याच्या शर्टाच्या बाह्या वर करून दोन्ही हात उजेडात धरून बघितले. तेव्हा तिथं काही नव्हतं. त्यानंतर त्यानं सुई घ्यायला सुरुवात केली ती पायाच्या बोटांच्या बेचक्यात, म्हणजे ताईला दिसणार नाही. हे त्यानं किती शांतपणे ठरवलं होतं. बाजारातून काय आणायचं ते ठरवावं तसं.

पायरीवरून तो उठला तो घरी जायला नव्हे, नुसता चालायला. चालता चालता एका लांबलचक भिंतीपाशी आला. वर काटेरी तार, फाटकावर पहारेकरी, आणि फाटकासमोर पोरांची रांग. कुणी जागच्या जागी उड्या मारून अंग गरम करत होतं, कुणी केस पाण्यानं चापून बसवत होतं. सैन्याची भरती होती. इतके दिवस या भिंतीवरून गेला असेल, पण आज त्याला ती भिंत दिसली. केवढी उंच होती. आत शिरलेल्या माणसाला बाहेर येऊ न देणारी. त्याला देश आठवला नाही, युद्धही आठवलं नाही. आत कधी उठायचं, कधी पाणी प्यायचं, कुठल्या पायानं चालायला सुरुवात करायची हे सगळं दुसरं कुणीतरी ओरडून सांगणार, आणि इतकं सगळं दुसऱ्यानं सांगितल्यावर आपल्याला स्वतःला काही हवंसं वाटायला जागाच उरणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. व्यसनमुक्ती केंद्रात तो एकदा जाऊन आला होता. तिथं सगळे प्रेमानं बोलायचे, आणि दार उघडं होतं.

'सैन्यात?' ताई म्हणाली. 'तुला घेतील?' आणि मग स्वतःच्याच बोलण्याचं वाईट वाटून तिनं त्याचा बांधलेला अंगठा हातात घेतला. भावोजी जेवता जेवता थांबले. ते म्हणाले, 'अरे, तिथं बंदुका असतात.' त्यावर ताईला हसू आलं, त्यालाही आलं, आणि हसताना दोघांनाही कळलं की हे ठरलं. 'पण तिथं तपासतील,' ताई म्हणाली. 'हो,' तो म्हणाला. 'म्हणून आधी मला कोंड. मागच्या खोलीत घाल आणि बाहेरून कडी लाव. मी काहीही बोललो तरी उघडू नकोस. शिव्या दिल्या तरी.'

शिव्या त्यानं दिल्याच. आधी घाम, मग थंडी, मग हाडांच्या आतून खाज, जिथं नख पोचत नाही अशा जागी. पोटातलं सगळं बाहेर पडल्यावरही पोट पिळत राहिलं. पण या सगळ्यापेक्षा वाईट होती ती भीती. कशाची ते सांगता येत नव्हतं. पंख्याच्या पात्याची, बादलीची, भिंतीवरच्या ओलीची, स्वतःच्या गुडघ्यांची. इतकी वर्षं जी भीती वाटायला हवी होती ती सगळी साठून राहिली होती आणि आता एकदम अंगावर येत होती, असं त्याला वाटलं. भर दुपारी तो दारावर डोकं आपटत होता. 'ताई, दार उघड.' 'नाही उघडणार.' 'ताई, मी मरतोय गं.' बाहेरून, अगदी दाराजवळून, जमिनीच्या उंचीवरून, ताई म्हणाली, 'मर. पण आत मर.' ती दाराला पाठ लावून बसली होती. त्यानंही आतून पाठ टेकली. फळीच्या त्या बाजूला कुणीतरी श्वास घेतंय एवढ्या आधारावर ती दुपार गेली, आणि मग पुढच्याही.

पुढच्या भरतीत डॉक्टरांनी त्याचे दात बघितले, कान बघितले, छाती ठोकली, लघवी तपासायला घेतली. ती स्वच्छ निघाली. हात लांब करायला लावून दंड चाचपले. मग म्हणाले, 'खुर्चीवर उभा राहा. तळवे बघू दे. सपाट असले तर चालत नाही.' तो खुर्चीवर चढला. डॉक्टर वाकले, त्यांनी उजवा पाय उचलला, तळव्याच्या कमानीखालून बोट फिरवलं, आणि त्यांची मान तशीच वाकलेली राहिली. बोटांच्या बेचक्यांत काळपट, खडबडीत खुणा होत्या. आता हा माणूस मान वर करील आणि माझ्याकडे बघेल. खिडकीतून मैदानावरच्या धावणाऱ्या पोरांची मोजणी ऐकू येत होती. 'चिखल्या झाल्या होत्या का रे?' डॉक्टरांनी विचारलं. 'हो,' तो म्हणाला. 'पावडर लावत जा,' डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली. बाहेर आल्यावर त्याला इतकं हसू फुटलं की भिंतीला टेकावं लागलं. पावडर लावत जा! पण हसता हसता ते थंडगार पुन्हा घशाशी आलं, कारण भिंतीच्या आत तो एक खोटं घेऊन शिरला होता, आणि आता जेवढे दिवस आत राहायचं तेवढे दिवस ते सांभाळायला हवं होतं.

आतलं आयुष्य त्याला वाटलं होतं तसंच निघालं, आणि काही महिने तर त्याहून चांगलं. पळायचं, घासायचं, खायचं, पडल्याबरोबर झोपायचं. अंग दुखायचं, पण ते प्रामाणिक दुखणं होतं. कष्टानं आलेलं आणि झोपेनं जाणारं. शेजारच्या खाटेवर एक धिप्पाड पोरगा होता. त्याचा आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या बराकीत ऐकू जावा, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणायचे. यानं काचेच्या दुकानात काम केलेलं कळल्यावर भोंग्यानं त्याचं नाव काचवाल्या करून टाकलं. भोंग्याला कशाचीच भीती नव्हती, एक सुई सोडली तर. टोचणीच्या दिवशी तो रांगेत एकेकाला पुढं पाठवत शेवटी जाऊन उभा राहायचा आणि याच्यापाशी कबुली द्यायचा, 'काचवाल्या, खरं सांगतो, गोळी खाईन, पण ही नको. हसू नकोस.' तो हसत नसे. उलट त्याला भोंग्याचा हेवा वाटायचा. जिची भीती वाटायला हवी तिचीच या माणसाला भीती वाटत होती.

मग प्रथमोपचाराचा वर्ग झाला. जखमी माणसाला सलाईन कसं लावायचं ते शिकवणाऱ्या उस्तादांनी करून दाखवलं आणि जोड्या पाडल्या. भोंगा त्याच्या वाट्याला आला. भोंग्याचा दंड बांधला, तर त्या जाड हातावर शिरेचा पत्ता नाही. शेजारच्या जोड्यांतले दोघेतिघे टोचून टोचून दमले होते, रक्ताचे थेंब सांडले होते, एकजण तर चक्कर येऊन खालीच बसला होता. भोंगा डोळे मिटून, तोंड भिंतीकडे करून काहीतरी पुटपुटत होता. यानं सुई हातात घेतली. घेतली एवढंच त्याला आठवतं. पुढचं बोटांनी केलं. कोपरापासून थोडं खाली त्यांनी चाचपलं, जिथं काही दिसत नव्हतं तिथं थांबली, आणि सुई अशी आत गेली की भोंग्यानं विचारलं, 'टोचणार कधी?' नळीत रक्त आलं. लाल, बारीक फूल उमलावं तसं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. सगळ्यांच्या देखत, भर वर्गात, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्यानं ते गिळलं. उस्ताद मागं येऊन उभे होते. 'कुठं शिकलास?' 'कुठंच नाही, उस्ताद.' 'कुठंच नाही? मग हातात देणगी आहे तुझ्या.' त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं तो आतून कोसळला. नंतर नेमणुका झाल्या तेव्हा त्याला वैद्यकीय सहायक म्हणून वेगळं शिक्षण द्यायचं ठरलं. नको म्हणता आलं असतं. पण नको म्हटल्यावर का ते सांगावं लागलं असतं.

शिक्षण संपल्यावर नेमणूक मिळाली ती उंचावरच्या एका ठाण्यात. दगड, बर्फ, वारा, आणि पत्र्याच्या चार-पाच खोल्या. भोंगाही त्याच तुकडीत होता, एवढं बरं. दवाखान्याच्या खोलीत दोन खाटा होत्या, एक स्टोव्ह, एक टेबल, आणि कोपऱ्यात भिंतीला बोल्ट मारून बसवलेली लोखंडी पेटी. पेटीत मॉर्फिन होतं, गर्द ज्यापासून करतात ते. तिची किल्ली डॉक्टर मॅडमच्या गळ्यात असायची. मॅडम हुद्द्यानं कॅप्टन होत्या, त्याच्यापेक्षा वयानं फार मोठ्या नसतील, पण बोलायच्या असं की समोरचा आपोआप ताठ उभा राहायचा. त्यांच्या गळ्यात किल्ली होती तोवर सगळं ठीक होतं. तो टेबलापाशी बसायचा तो पेटीकडे पाठ करून. झाडताना तो कोपरा सगळ्यात शेवटी झाडायचा, आणि झाडताना मोठमोठ्यानं काहीतरी बोलायचा. तरी पेटी कुठं आहे हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. स्टोव्ह कुठं आहे ते जसं अंगाला कळतं तसं. घरी फोन लागला की ताई विचारायची, 'सगळं ठीक ना?' आणि 'सगळं' या शब्दावर ती किंचित थांबायची. 'सगळं ठीक,' तो म्हणायचा, पेटीकडे पाठ करून.

एका सकाळी खालच्या ठाण्यातून निरोप आला की तिथं एका जवानाचं पोट असह्य दुखतंय, अपेंडिक्स असावं. मॅडमना जावं लागणार होतं. धुकं निवळलं तर दुसऱ्या दिवशी परतता येणार होतं. त्यांनी बूट चढवले, पिशवी भरली, आणि बोलता बोलता गळ्यातली दोरी काढून त्याच्या पुढं धरली. 'किल्ली ठेव. लागली तर सुभेदार साहेबांना सांगून पेटी उघड. कुपी अर्धीच द्यायची, उरलेली कुणाच्या तरी समोर फेकायची, ठाऊक आहे ना?' त्याचा हात पुढं झाला नाही. 'काय रे? घाबरलास की काय?' आत्ताच सांग. आत्ता सांगितलंस तर सुटशील. पण मॅडमच्या चेहऱ्यावर घाई होती, विश्वास होता, आणि त्याच्या तोंडून 'नाही, मॅडम' बाहेर पडलं. तेच ते, सवयीचं, शांत. किल्ली गरम होती. त्यांच्या अंगाची ऊब अजून तिच्यात होती.

त्या गेल्यावर धुकं अगदी खिडकीपर्यंत आलं. तो स्टोव्हपाशी बसला. उठला. पट्ट्यांच्या गुंडाळ्या सोडून पुन्हा गुंडाळल्या. मग त्याच्या मनात एक अतिशय समंजस विचार आला. आपल्यावर जबाबदारी आहे, तर आत काय आहे ते एकदा नीट बघून ठेवावं. हा विचार कुणाच्या आवाजात बोलतो ते त्याला ओळखता यायला हवं होतं. तोच आवाज. सुई बेचक्यात घ्यावी म्हणजे ताईला दिसणार नाही, असं सांगणारा. पण तोवर पेटी उघडलेली होती. कापसात निजवलेल्या काचेच्या इवल्या कुप्या. एक त्यानं तळहातावर घेतली. इतकी हलकी! आतलं पाणी किंचित हललं आणि त्याबरोबर त्याच्या पायांच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सगळं अंग त्या बाजूला हललं. कुणालाही कळणार नाही. अर्धी तर फेकायचीच असते. फेकायचीच गोष्ट घेतली तर कुणाचं काय गेलं? आणि याच वेळी भीती आली. अशी आली की कानांत घंटा वाजायला लागल्या. तिच्यात तो उभाच्या उभा बुडाला, पण त्या बुडण्यात बोटं मात्र पुन्हा त्याच्या मालकीची झाली. त्यानं कुपी कापसात ठेवली, पेटी लावली, आणि तसाच बाहेर पळाला. अंगात कोटसुद्धा नव्हता.

भोंगा पाण्याचे डबे पाठीला बांधून झऱ्याकडे निघाला होता. 'ही ठेव तुझ्याकडे,' भोंग्याला गाठून तो म्हणाला आणि किल्ली त्याच्या हातात कोंबली. 'कसली रे?' 'पेटीची. मॅडम येईपर्यंत ठेव. मला देऊ नकोस. मागितली तरी.' भोंगा हसला. 'का? चावते का तुला?' याचे दात वाजत होते. थंडीनं वाजत असतील. 'मी घ्यायचो,' तो म्हणाला. 'भरती व्हायच्या आधी. गर्द. सुया. माझा हात चांगला आहे असं उस्ताद म्हणाले ना, तो तसला चांगला आहे.' हे वाक्य त्यानं ताईसमोरही कधी असं सरळ उच्चारलं नव्हतं. भोंग्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं, पुसायचं राहून गेल्यासारखं. त्यानं किल्लीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा खालच्या आवाजात म्हणाला, 'आणि मी तुझ्याकडून टोचून घेतलं!' मग दोरी गळ्यात घालून ती शर्टाच्या आत सारली. 'जा, आत जा. कोट घाल. गारठून मरशील.' भोंगा धुक्यात शिरला. त्याचे डबे खडखडत लांब गेले.

त्यानंतर जे हलकं वाटलं ते फार टिकलं नाही. दुपार कलायच्या आत आरडाओरडा ऐकू आला. झऱ्याजवळच्या उतरणीवर बर्फावरून भोंग्याचा पाय सरकला होता आणि भरलेल्या डब्यांसकट तो खालच्या खडकावर आपटला होता. चौघांनी त्याला आणून खाटेवर घातलं. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. भोंग्याचा आवाज आता खराच भोंग्यासारखा येत होता. पत्रे थरथरत होते. त्यानं विजार कापली, रक्त थांबवलं, फळी शोधली. सुभेदार साहेब दारातून म्हणाले, 'बघतोस काय? सुई दे त्याला! मी खाली वायरलेस लावतो, स्ट्रेचर मागवतो,' आणि चौघांना वाट साफ करायला घेऊन ते गेले. खोलीत दोघंच उरले. त्यानं भोंग्याच्या शर्टाच्या गुंड्या सोडल्या. किल्ली घामानं छातीला चिकटली होती. ती घ्यायला हात घातला तसा भोंग्यानं त्याचं मनगट धरलं. वेदनेनं त्याचे डोळे पांढरे झाले होते, पण पकड घट्ट होती. 'तू... तू उघडू नकोस,' तो म्हणाला. 'दुसऱ्या कुणाला तरी...' 'दुसरं कुणी नाही रे.' 'जमेल तुला?' तो खोटं बोलू शकला असता. 'मला ठाऊक नाही,' तो म्हणाला. भोंग्यानं त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा एक कळ आली आणि ती त्याचा हात सोडवून गेली.

कुपीची मान मोडली. औषध सिरिंजमध्ये ओढलं. शिरेत हळूहळू सोडलं, अर्ध्यावर आल्यावर थांबला. थांबला हे खरं. मग भोंग्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. जबडा सैल झाला. मुठी उघडल्या. पाय तसाच मोडलेला होता, हाड तसंच बाहेर होतं, आणि त्या पायाच्या मालकाच्या ओठांवर हळूच हसू पसरलं. 'अरे,' भोंगा म्हणाला, 'अरे काचवाल्या, काय मस्त वाटतंय रे.' ते हसू त्यानं आजवर आतून ओळखलं होतं. बाहेरून ते असं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. घरात दिवे सगळे चालू आहेत, दार उघडं आहे, आणि माणूस नाही. ताईनं हे वर्षानुवर्षं बघितलं होतं, समोर बसून, ताट वाढून. त्याच्या हातात सिरिंज होती आणि तिच्यात अर्धं उरलं होतं. खोलीत बघणारं कुणी नव्हतं. मघाची भीती पुन्हा उठली. सिरिंज धरून तो मोरीपाशी गेला, सगळं जोरात दाबून सोडलं, वर पाण्याचा तांब्या ओतला, आणखी एक ओतला, आणि मग सिरिंजचे तुकडे करता येईनात म्हणून ती बुटाखाली घेऊन चिरडली.

स्ट्रेचर येईपर्यंत धुकं निवळलं आणि त्याच वाटेनं मॅडमच परत आल्या. खाली धुकं लवकर निवळल्यानं तिथल्या जवानाला हेलिकॉप्टरनं नेलं होतं, तेच भोंग्यासाठी पुन्हा येणार होतं. त्यांनी पाय तपासला, फळी बघितली, 'चांगलं केलंस' म्हणाल्या. मग विचारलं, 'उरलेलं औषध?' 'मोरीत ओतलं, मॅडम.' 'कुणासमोर?' 'कुणी नव्हतं.' त्यांची मान वर झाली. तेव्हा त्यानं ताठ उभं राहून सगळं सांगितलं. गर्द, सुया, चिखल्या, किल्ली भोंग्याला का दिली ते, सकाळी पेटी उघडली होती तेही. सांगताना त्याला वाटलं की आता भिंतीबाहेर काढतील, उद्याच्या उद्या, आणि बाहेर सगळे रस्ते आहेत, सगळ्या गल्ल्या आहेत. मॅडम म्हणाल्या, 'मग ते तू मोरीत ओतलंस हे मी कशावरून मानायचं?' 'मानू नका, मॅडम.'

त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, त्याची हनुवटी वर केली आणि प्रकाश डोळ्यांत मारला. उजव्या, मग डाव्या. पुन्हा उजव्या. इतक्या जवळ येऊन कुणी त्याच्या डोळ्यांत बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. 'घेतलं असतंस तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या,' त्या म्हणाल्या. 'या बघ केवढ्या झाल्यात. इतका घाबरलेला माणूस मी लढाईतसुद्धा बघितला नाही.' त्यांनी बॅटरी विझवली. 'मला हे वर कळवावं लागेल. लपवता येणार नाही. तू इथं राहशील की नाही ते माझ्या हातात नाही. पण काय बघितलं तेही मी लिहीन.' किल्ली त्यांनी त्याच्याकडून घेऊन गळ्यात घातली आणि वायरलेसच्या खोलीकडे गेल्या.

तो खाटेपाशी उभा राहिला. आपण राहणार की जाणार, गेलो तर कुठल्या रस्त्यानं, ताईच्या दारात काय तोंड घेऊन, काही सुचत नव्हतं. खाटेवर भोंगा हलला. डोळे अर्धवट उघडले. 'काचवाल्या,' तो म्हणाला, मऊ, लाडिक आवाजात, जो त्याचा नव्हताच. 'अजून थोडं दे ना.' 'दुखतंय का?' 'नाही रे. दुखत नाही. पण ते... तसंच वाटायला पाहिजे. दे ना. तुझ्या हातानं कळतसुद्धा नाही.' स्वतःसाठी तो इतका कधी घाबरला नव्हता. बाहेर लांबवर हेलिकॉप्टरचा आवाज यायला लागला होता; थोडाच वेळ होता. त्यानं स्टूल ओढून खाटेला लावलं, भोंग्याचा जाडजूड हात दोन्ही हातांत घेतला, आणि म्हणाला, 'ऐक. झोपू नकोस. माझ्या खांद्यावर एकदा आरसा पडला होता.' त्याचा आवाज कापत होता. तो त्यानं तसाच कापू दिला आणि पुढं सांगत राहिला.